मेजरांचं काय हरवलं?

…आणि वर परत विचारतात, 'मेजरानू, काय हरवला?' अहो, काही नाही हरवलं! माणसाने आपल्याच गावात खाली बघून चालू नये काय? तुम्हाला सांगतो, गेल्या वर्षी आरोंद्याच्या बाजारात मासे आणायला गेलो, तर काशीबाई हातातला बांगडा तसाच ठेवून माझ्या पायांकडे बघतेय, 'काय पडला काय वो? चावी?' एसटीच्या थांब्यावर तर तिघंजण माझ्याबरोबर वाकून शोधायलाच लागले. काय शोधायचंय ते एकालाही ठाऊक नाही, पण शोधतायत! त्यातल्या एकाला दुसऱ्याच कुणाची तरी चावी सापडलीसुद्धा!

आणि मेजर कोण? मी लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झालो. पण गावाने मेजर म्हटलं की मेजर, तिथे दिल्लीचं काही चालत नाही. चोवीस वर्षं फौजेत इंजिनियर. ते ऐकून बाबली, आमच्या बागेत काजू वेचायला येतो तो, विहिरीवरचा पंप डोक्यावर घेऊन हजर! 'तुमी इंजिनेर मां? बगा मगे ह्येका काय झाला ता.' अरे बाबा, आम्ही पूल बांधणारे, पूल उडवणारे, जमिनीत सुरुंग पेरणारे आणि पेरलेले परत काढणारे! त्यावर बाबली काय म्हणतो? 'काडूचेच होते तर पेरल्यात कित्याक?'

तर ती सवय. गवत दिसलं, पाचोळा दिसला की माझा पाय उचलतच नाही. तुम्ही हसाल, पण वडिलांनी लावलेली काजूची बाग, लहानपणी मी तिथे उघड्या पायांनी बोंडू खात फिरलोय, आणि आता? गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत पाऊल टाकत नाही! बाहेर उभा राहून बायकोला हुकूम सोडतो. किशोरीने दोन वर्षं सहन केलं. तिसऱ्या वर्षी म्हणाली, 'अवो, तुमचा जा काय हरावला आसा ना, ता आता देवाकच इचारूया.' आणि मला धरून देवळात!

आमच्याकडे वस्तू हरवली की पोलिसांकडे नंतर, आधी देवाला कौल. धोंडूमामा गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी किशोरीच्या कानात म्हणतोय, घरी चल गं… पण ऐकतंय कोण? अर्धा गाव जमलेला! धोंडूमामांनी आवाज लावला, 'बा देवा म्हाराजा!' सगळे, 'व्हय म्हाराजा!' 'ह्या तुज्या लेकराचा जा काय हरावला आसा…' 'व्हय म्हाराजा!' आणि मधेच थांबून माझ्याकडे वळले, 'काय हरवला ता तोंडान सांगूक व्हया. देवाक अंदाजान कसा इचारू?'

काय सांगू तुम्हाला… वीस वर्षं बायकोला सांगितलं नव्हतं हो. पण समोर पाषाण, मागे गाव, आणि तोंडातून निघून गेलं, 'सुरुंग. एक सुरुंग हरवलाय.'

आणि सवयीने अख्खं देऊळ म्हणालं, 'व्हय म्हाराजा!'

आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर मीही थांबेना. कॅप्टन होतो तेव्हा. पंजाबात सरहद्दीला लागून सुखदेव सिंगचं शेत, त्यात आम्ही सुरुंग पेरले. लढाई झालीच नाही, वर्षाने हुकूम आला, काढा. पालथं पडून, तिरकी सळई मातीत हळूहळू खुपसत, एकेक काढला. पेरलेले आठशे बारा, निघाले आठशे अकरा! परत शोधलं. परत. मग साहेब जीपमधून आले, 'अरे यार, कोल्ह्याबिल्ह्याचा पाय पडून फुटला असेल. सही कर, मोकळा हो!' आमच्यात पद्धत अशी की मोकळ्या केलेल्या शेतातून आधी अधिकाऱ्याने चालायचं, मालकाच्या डोळ्यांदेखत. मी तीनदा चाललो. काही झालं नाही. सही केली. सुखदेव सिंगने मला मिठी मारली, लोटाभर लस्सी पाजली आणि त्याच दिवशी नांगर घातला. मला ती लस्सी अजून पचलेली नाही.

धोंडूमामांनी घाम पुसला. 'वस्तू गावाभायर आसा काय?' डावी पाकळी पडली. नाही! 'मगे गावात आसा काय?' पुन्हा डावी. आता धोंडूमामाच गडबडले, 'मगे… ज्येचा हरवला तेच्यापाशीच आसा काय?'

उजवी! टपकन!

मला तर रडायलाच आलं, अहो, वीस वर्षं तो माझ्याच आत आहे हे देवाला कसं कळलं? पण गावाला काय कळलं? की मेजराने सुरुंग घरी आणून ठेवलाय! देवळातून निघालो तर अख्खा गाव माझ्या मागून एका रांगेत, माझ्या पावलावर पाऊल ठेवून! जवानांना ओरडून ओरडून जी शिस्त लागली नाही ती देवाने एका पाकळीत लावली. दुसऱ्या दिवसापासून बाबली बंद. पोस्टमन रस्त्यावरूनच माझी पत्रं मोठ्याने वाचून दाखवतो. आणि ऐन हंगामात काजू पडतोय, कुजतोय, वेचायला माणूस नाही!

किशोरीने मात्र एकच विचारलं, 'त्या शेतकऱ्याक सांगितल्यात?' झालं! मी दरवर्षी बैसाखीला त्याला फोन करतो. यंदा ती समोर बसून राहिली. मी विचारलं, खेत कैसा है? तो म्हणाला, 'बढिया साहब जी. पर एक बात पूछूँ? आप हर साल पहले खेत का हाल पूछते हो, बच्चों का बाद में. हमारे खेत में कुछ खो गया था क्या आपका?'

तिथेसुद्धा! तोच प्रश्न! आणि विचारतोय कोण, तर ज्याला सांगायलाच हवं होतं तो एकमेव माणूस. देवाला सांगितलं, गावाला सांगितलं… आणि ह्याला? म्हटलं, 'नहीं नहीं, सुखदेव सिंग… वो, काजू भेजने थे. पता वही है ना?'

'वही है जी. हम कहाँ जाएँगे, जमीन तो यहीं है.'

किशोरी उठली, तिने कोपऱ्यातली टोपली आणून माझ्यासमोर ठेवली, बस. म्हणजे, कबूल केलेत ना काजू? मग वेचा!

म्हणून आलो. गडग्याच्या आत. पाचोळ्यात. शर्ट भिजलाय, पहिल्या बीसाठी वाकतोय… तेवढ्यात लांब रस्त्यावरून, झाडाच्या आडून, बाबलीची हाक, 'मेजरानू! सुरुंग गावलो काय वो?'

म्हटलं, 'नाय रे बाबा… सोदतंय.'