एकतीस देशांचा तक्ता आणि शेऱ्याचा रकाना

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि या कार्यालयाच्या संचालक बाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, समोर बसलेले आजी-माजी सहकारी, सत्कारमूर्तींची लेक आणि जावई, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे आज कामं बाजूला ठेवून जमलो त्या शेरेताई, सर्वांना माझा नमस्कार.

निमंत्रणपत्रिकेवर ताईंचं खरं नाव छापलंय, आणि तेही एकही चूक न करता, ही आपल्या छपाई विभागाची प्रगतीच म्हणायला हवी. पण ते नाव वाचून इथल्या निम्म्या लोकांनी एकमेकांना विचारलं असेल, की या बाई कोण? या इमारतीत त्या शेरेताईच. हे नाव त्यांना कसं पडलं ते ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो, म्हणून मला बोलावलं असावं. मला दहा मिनिटं दिली आहेत. निवेदकांनी चिठ्ठीवर दहाचा आकडा लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यात. प्रयत्न करतो.

तरुण मंडळींना आमचा विभाग आठवण्याचं कारण नाही. वेगवेगळ्या देशांत महागाई किती वाढली याची तुलना करून आम्ही दर महिन्याला एक तक्ता काढायचो. एकतीस देश. प्रत्येक देशात चाळीस वस्तू ठरलेल्या: पीठ, तेल, साबण, जळाऊ लाकूड, दाढीचं पातं, असं रोजचंच सामान. तिथली माणसं दर महिन्याला त्याच दुकानात जाऊन त्याच वस्तूचा भाव विचारणार, छापील कागदावर टिपणार आणि तो कागद आमच्याकडे टपालानं धाडणार. गेल्या वर्षी शंभरात भरणारी पिशवी यंदा एकशे बारात भरली, तर महागाई बारा टक्के. ज्या देशात वाढ सर्वांत कमी तो पहिल्या नंबरावर, जिथे सर्वांत जास्त तो एकतिसाव्या. शाळेच्या निकालासारखंच. आणि निकालासारखीच सगळ्यांना त्याची घाई असायची. तक्ता पाच तारखेला बाहेर पडला पाहिजे म्हणजे पडलाच पाहिजे.

त्या कागदावर शेवटचा एक रुंद रकाना होता, शेऱ्याचा. दुकान बदललं, वजन बदललं, असं काही असेल तर तिथे लिहायचं. पण आमच्या यंत्राला फक्त आकडे कळायचे, आणि शेरे असायचे परदेशी भाषांत. त्यामुळे ते कोणी वाचत नसे. ताई वाचायच्या. जेवणाच्या सुट्टीत डावीकडे डबा, उजवीकडे शब्दकोश, आणि मध्ये कागद. घास तोंडात आणि बोट कोशात. आम्ही हसायचो. मीच एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, की यांना आता शेरेताईच म्हणा. तर बारसं करणारा मी. त्यापुढचं जे सांगणार आहे त्यातही मीच आहे.

त्या एकतीस देशांत एक देश होता. नाव घेत नाही. तिथल्या डोंगरातल्या एका गावाचे कागद एक शाळामास्तरीण भरायची. तिचं अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं, मोठं आणि सरळ. बावीस वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या तोंडावर, त्या देशाच्या सरकारनं फर्मान काढलं, की यापुढे कुठल्याही वस्तूचा भाव वाढवायचा नाही. जो वाढवेल तो तुरुंगात. झालं. आमच्या तक्त्यात तो देश एकदम वर चढायला लागला. विसावा, मग बारावा, मग सहावा. आम्हाला कौतुक वाटलं.

मास्तरणीच्या कागदावर पिठाचा भाव मागच्या महिन्याइतकाच होता. शेऱ्यात तिनं लिहिलं होतं, की दुकान उघडं आहे, पीठ नाही, दुकानदार म्हणतो सरकारी भाव लिहून घ्या. पुढच्या महिन्यात तेच तेलाचं, साबणाचं. आमचा नियम असा, की वस्तू मिळाली नाही तर मागचाच भाव पुढे धरावा. साधा नियम आहे. एखादा महिना एखादी वस्तू नसते, म्हणून तक्ता अडू नये. पण त्या गावात चाळीसपैकी सव्वीस वस्तू आम्ही अशा धरून चालवत होतो, आणि हे मोजलं होतं फक्त ताईंनी.

मग चार तारखेला त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातात मास्तरणीचा नवा कागद. खरं तर त्यात एक भाव चक्क उतरला होता, जळाऊ लाकडाचा. ऐन थंडीत. मी म्हटलं, वा, म्हणजे हा देश पहिलाच येणार. ताईंनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि शेरा वाचून दाखवला. लाकूड पुष्कळ आलंय. लोक दारं-खुर्च्या विकतायत. आज बाजारात शाळेची बाकं होती. ओळखीची.

मी विचारलं, ओळखीची म्हणजे?

‘तिच्या वर्गातली असतील, साहेब,’ ताई म्हणाल्या. ‘हा देश पहिला यायला नको. याला नंबरच द्यायला नको.’

मी त्यांना नियम समजावून सांगितला. वीस मिनिटं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘भाव स्थिर नाहीयेत साहेब. भावच नाहीत.’

मंडळी, मला ते कळलं होतं. आज इथे उभं राहून मी म्हणू शकलो असतो, की तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी पाच तारीख होती, आणि एका गावाच्या शेऱ्यावरून एक अख्खा देश तक्त्यातून काढायचा तर वर कारण द्यावं लागलं असतं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. ताईंनी तपासनिसाच्या जागी सही करायला नकार दिला. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा घडलं. त्यांच्या जागी मी सही केली.

तो देश पहिल्या नंबरावर आला. तिथल्या सरकारनं आमचा तक्ता मोठा करून भिंतींवर लावला, असं ऐकलं. ते एक वेळ सोडा. पण ज्या संस्था अशा ठिकाणी धान्याची जहाजं पाठवतात, त्यांनीही आमचाच तक्ता बघितला आणि त्या हिवाळ्याच्या यादीतून त्या देशाचं नाव खाली सरकवलं. का सरकवू नये? जिथे महागाई सर्वांत कमी, तिथे लोक उपाशी असतील असं कोणाच्या मनात येईल?

त्याच महिन्यात ताईंची बदली तळमजल्यावर, रेकॉर्ड रूममध्ये झाली. ‘कार्यालयीन सोयीसाठी’ असं आदेशात लिहिलंय. आदेश माझा आहे. मघाशी एका वक्त्यांनी ताईंनी रेकॉर्ड रूम कशी आरशासारखी ठेवली त्याचं मनापासून कौतुक केलं. ते खरंच आहे. पण त्या तिथे हौसेनं गेल्या नव्हत्या.

त्यानंतर मास्तरणीचा कागद आला नाही. आता कागदच आला नाही तर काय करायचं? त्यालाही नियम होता. तीन महिने सगळे मागचे भाव पुढे धरावेत. मी धरले. पीठ, तेल, साबण, लाकूड, सगळं जिथल्या तिथे. तीन महिने त्या गावाचा बाजार आमच्या तक्त्यात सुरळीत चालू होता. जहाजं शेवटी गेली, पण उशिरा, आणि परत आलेल्या माणसांकडून कळलं, की त्या डोंगरातल्या बऱ्याच गावांत दार उघडायलाही कोणी आलं नाही. मी ज्या महिन्यात तिथल्या साबणाचा भाव लिहीत होतो, त्या महिन्यात तिथे साबण विकत घ्यायला माणूस नव्हता.

आमच्या हिला एक गोष्ट कधी समजली नाही. तीही आज इथे आली आहे, तेव्हा ऐकून घेईल. दुकानात एखादी फळी रिकामी असते आणि तिच्या कडेला भावाची चिठ्ठी तशीच चिकटलेली असते. मी तिथे थांबतो. पाय पुढे जात नाही. मग ही म्हणते, ‘अहो, काय बघताय? काही नाहीये तिथे.’ मी म्हणतो, हो, नाहीये. आणि तरी उभा राहतो. कधी कधी वाटतं, पाठीमागे कोणीतरी पेन घेऊन उभं आहे आणि मी बाजूला व्हायची वाट बघतंय. गेली बावीस वर्षं. नातवंडं याला आजोबांची खोड म्हणतात.

निवेदक घड्याळाकडे बघतायत. मला दिसतंय. थोडंच राहिलंय.

त्या हिवाळ्यानंतर तीन वर्षांनी एक पत्र आलं. पाकिटावर ‘विभागप्रमुख’ एवढंच होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. परकी भाषा. ताईंच्या जुन्या टेबलाच्या खणात त्यांचा शब्दकोश तसाच राहिला होता. तो काढला आणि दोन दिवस एकेक शब्द लावत बसलो. पत्र मास्तरणीच्या भावाचं होतं. बहीण त्याच हिवाळ्यात गेली, असं त्यानं लिहिलं होतं. तिच्या पेटीत त्याला सगळ्या कागदांच्या नकला सापडल्या, आणि त्यांच्यावर टाचलेली एक चिठ्ठी. आपल्या कार्यालयाच्या शिक्क्याची. तिच्यात त्यांच्या भाषेत, पण व्याकरण चुकवून, लिहिलं होतं: ‘शेरे वाचते. लिहीत राहा.’

ती चिठ्ठी बहीण गावात सगळ्यांना दाखवायची, असं तो म्हणतो. तिकडे एक बाई आहे, ती वाचते. शेवटी शेवटी चालवत नव्हतं तेव्हाही ती भिंतीला धरून बाजारापर्यंत जायची, रिकाम्या दुकानांचे भाव लिहायला. पत्राच्या शेवटी त्यानं एवढंच विचारलं होतं, की ती बाई कोण? मला तिला काही सांगायचंय.

ते पत्र मी ताईंना दिलं नाही.

मी स्वतःला सांगितलं, की त्यांनी परस्पर चिठ्ठी पाठवून नियम मोडलाय, हे उघड झालं तर त्यांच्यावर चौकशी बसेल. त्यांच्या भल्यासाठीच मी गप्प आहे. छान कारण होतं. पण त्या वर्षी माझ्या बढतीची फाइल वर गेली होती, आणि ताई ते पत्र घेऊन कुठपर्यंत जातील याची मला भीती वाटली. बढती मिळाली. मग वाटलं, आता दिलं तर इतके दिवस का ठेवलं ते सांगावं लागेल. दर वर्षी ते सांगणं एका वर्षानं अवघड होत गेलं. रोज सकाळी जिन्यापाशी ताई भेटायच्या. ‘नमस्कार साहेब,’ म्हणायच्या. मीही नमस्कार करायचो आणि वर जायचो. निवृत्त झालो तेव्हा पत्र घरी नेलं.

एकोणीस वर्षं झाली. आज ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. तुमच्या भेटवस्तूंच्या आधी हे त्यांच्या हातात पडायला हवं. ताई, उठू नका. बसून राहा. मी येतो खाली.

...

क्षमा करा, आता मागे ऐकू येतंय ना? ताईंनी पत्र घेतलं. फक्त विचारलं, भावाचा पत्ता आहे का यात? मी म्हटलं, आहे, पण एकोणीस वर्षांपूर्वीचा. म्हणाल्या, चालेल.

अध्यक्ष महोदया, आपण मला बोलावलंत आणि इतकं बोलू दिलंत, त्याबद्दल आपले, पाहुण्यांचे आणि सर्व श्रोत्यांचे मी मनापासून आभार मानतो. वेळ जास्त घेतला, प्रसंगाला न शोभणारं बोललो, शब्द इकडेतिकडे झाले असतील, तेवढ्यापुरतं मला सांभाळून घ्या. त्यापलीकडचं सांभाळून घ्या असं म्हणायला मी इथे आलेलो नाही.

एकच विनंती. लेकीनं चष्मा काढून दिलाय, ताई वाचतायत. शब्दकोशाशिवाय वाचतायत. त्यांचं वाचून होईपर्यंत कृपा करून कोणी टाळ्या वाजवू नका.