ओढणीखालचं लेकरू

इंदिरानगरची स्वरदा दवाखान्यात तासभर आधीच येऊन बसली होती. मांडीवरच्या वीस दिवसांच्या लेकीचा दुभंगलेला ओठ कुणाला दिसू नये म्हणून तिने ओढणी पार पुढे ओढली होती. समोरच्या बाकावर पेठच्या अनसूयाबाई नातवाला आडवं धरून बाटलीने दूध पाजत होत्या. त्यांच्या शेजारच्या सकीनाला शेवटी राहवलं नाही.

“मावशी, आडवं नका पाजू. दूध नाकातून येतं.”

“येतंच की! सकाळपासून दोनदा अंघोळ झाली माझी.”

“बसवा त्याला. पाटलासारखं, ताठ.”

“एवढंसं पोर बसंल व्हय?”

“मानेला हात द्या. तोंडात वर टाळूला फट आहे ना, त्याला ओढता येत नाही. बाटली तुम्ही हलकेच दाबा. तो गिळेल, मग थांबा.”

“आगं बया, गिळलं की!”

“आता ढेकर काढा.”

“पुन्यांदा? मघाशीच काढला.”

“ही पोरं दुधासोबत हवा लय गिळतात. माझा लेक रय्यानही असाच. त्याचे ढेकर ऐकून सासरे विचारायचे, बिर्याणी कुणी खाल्ली?”

“बरं, पदर तरी टाकू दे. पिणाऱ्या लेकराला नजर लागती.”

“पदर टाकला तर दूध कुठं चाललंय ते दिसणार कसं? तोंड बघत पाजायचं, मावशी. तसं पाजलं तेव्हा कुठं रय्यानचं वजन भरलं आणि ऑपरेशन झालं.”

“आन् नजर?”

“काजळ आहे माझ्याकडे. एक तीट लावू, हवी तर दोन.”

ओढणीची घडी पिशवीत कोंबत स्वरदा म्हणाली, “ताई, तिसरी हिला लावाल?”