भिंतीवरचा नान

नाव मेरिम ताशिबेकोवा, वय २९ वर्षे, व्यवसाय खासगी दवाखान्यात रक्त-लघवी तपासणी तंत्रज्ञ, राहणार अलामेदिन भाग, बिश्केक.

आज दि. १५ सप्टेंबर रोजी तोंग तालुका पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर आईसोबत राहते. मयत चोल्पोन, वय २३, ही माझी धाकटी बहीण. ती आमच्यातच राहत असे. तिला अकराव्या वर्षापासून मधुमेह होता. तिच्या शरीरात इन्सुलिन अजिबात तयार होत नसल्याने ते दिवसातून चार वेळा टोचून घ्यावे लागे. कसे टोचायचे ते तिला मीच शिकवले होते.

जूनपासून ती एमिल जुमाबायेव याच्याकडे जाऊ लागली. तो पूर्वी शाळेत कुस्ती शिकवत असे. लोक त्याला आगाय, म्हणजे गुरुजी म्हणतात. पीठ हे विष आहे, औषधाने शरीर आळशी होते, आणि अन्नपाणी दोन्ही बंद केले की थकलेला अवयव पुन्हा कामाला लागतो, असे तो सांगतो. चोल्पोनने नान सोडला. आमच्याकडे दारात उभ्या माणसालाही नानचा तुकडा मोडल्याशिवाय जाऊ देत नाहीत. त्यामुळे तिने शेजारी जाणेही सोडले.

दि. २९ ऑगस्ट रोजी ती माझ्या प्रयोगशाळेत आली. रक्तातील साखर १६.८, म्हणजे निरोगी माणसाच्या तिप्पट; लघवीत कीटोन तीन अधिक (+++). कीटोन म्हणजे इन्सुलिन कमी पडले की रक्तात साचणारे आम्ल.

मी विचारले, "इन्सुलिन कमी केलंस?"

"अर्धं. रागावू नकोस गं, एजे. शाळेत मला तीन अधिक कधी मिळाले होते?" ती मला एजे म्हणत असे. आमच्यात थोरल्या बहिणीला तसे म्हणतात.

"हे मार्क नाहीत, चोल्पोन. आजच्या आज डॉक्टरकडे चल."

"आगाय म्हणतात रोग जळतोय. तुझं यंत्र बरोबरच आहे, एजे. तुला ते वाचता येत नाही, एवढंच."

तिने अहवाल मागितला. नियमाप्रमाणे मी शिक्का मारून दिला. दुसऱ्या दिवशी तो आगायच्या जाहिरातीत होता. शिक्का स्पष्ट वाचता येत होता.

घरी मी हे आईला सांगितले. इन्सुलिन पूर्ण घेईन, असे चोल्पोनने आईसमोर कबूल केले.

दि. ६ सप्टेंबर रोजी सकाळी ८.१५ वाजता ती या तालुक्यातील सरोवराकाठच्या त्याच्या शिबिराला निघाली. आईला तिने हवापालटाला जाते असे सांगितले होते. मला शिबिर माहीत होते; तो पाणीही बंद करायला लावतो हे तेव्हा माहीत नव्हते, नंतर कळले. तिच्या पिशवीत मी इन्सुलिनची पाच पेने ठेवली.

घरातून कोणी लांब निघाले की आई त्याला नान चावायला लावते. उरलेला फडक्यात बांधून भिंतीला टांगते. तो माणूस परत येऊन तो संपवतो. माझा भाऊ सैन्यातून परत आला, त्याने संपवला.

आई म्हणाली, "चाव गं. एवढासा तरी चाव. तुझ्या भावाने अर्धा तोडला होता."

"तो बैल आहे, आई. हे बघ, चावला." चोल्पोनने नान ओठांना लावला आणि परत दिला. आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिने तो न चाचपताच फडक्यात बांधला.

चोल्पोनने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "गाडी थांबली आहे."

दि. १० रोजी सकाळी १०.४० वाजता मी फोन केला. तिचा फोन आगायने उचलला. "झोपलीय. तोंडाला फळांसारखा गोड वास येतोय, शरीर साफ होतंय. प्रयोगशाळेतल्या लोकांना सगळं बाटलीतच दिसतं, बाई." तो वास साचलेल्या कीटोनचा असतो हे मी त्याला सांगितले आणि तिला रुग्णालयात हलवा म्हणाले. त्याने फोन ठेवला. मी रुग्णवाहिका बोलावली. शिबिरातल्या लोकांनी फाटक उघडले नाही, असे मला नंतर समजले. मी स्वतःच्या गाडीने निघाले.

दुपारी ३.२० वाजता पोहोचले. ती चटईवर होती, श्वास जोरात व खोल. सर्वांचे सामान कुलपात होते. तिने मला ओळखले. "पाणी" म्हणाली, आणि आगायकडे पाहिले. मी पाणी दिले. रुग्णालयात नेताना गाडीत ४.०५ वाजता श्वास थांबला. आपण दाखवलेली पाच पेने मी ठेवलेलीच आहेत. एकही उघडलेले नाही.

आणखी विचारल्यावरून सांगते की, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी आई तो नान उतरवून, चोल्पोनने चावलेली कड स्वतः खाणार आहे. डोळ्यांना दिसत नसले तरी नान अख्खाच आहे हे तिच्या बोटांना कळेल. म्हणून काल मी तो उतरवला, चावला आणि परत टांगला. फार वाळला होता. दोनदा प्रयत्न करावा लागला. नऊ वर्षांच्या नोकरीत मी एकाही नमुन्यात फेरफार केलेला नाही.

माझा हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. उद्या आईचा जबाब घेताना नानबाबतचा मजकूर तिला वाचून दाखवू नये, ही विनंती.

सही/-
मेरिम ताशिबेकोवा