गल्लीतून गेलेली रेषा

मिशिगनमधल्या सुनावणीबाहेर व्हर्ना कॉफीच्या रांगेत उभी होती. मतदारसंघ आखणाऱ्या आयोगावर तिला चिठ्ठ्या टाकून निवडलं होतं, पण बिल्ला खिशात होता. तिच्या पुढे एकमेकींच्या शेजारणी असलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या.

“नव्या रेषेने आपली गल्लीच कापली, लोरीन. तू तिकडे, मी इकडे.”

“मग विहिरींच्या घाण पाण्यासाठी आमदाराच्या मागे लागायचं कुणी?”

“अर्ध्या गल्लीला कोण विचारतंय?”

“हेच आत माइकवर बोल.”

“बोलायला नाव तू दिलंयस.”

“माझे हातपाय गार पडलेत, आयडा. जाऊ या घरी.”

“अगं, आत्ता बोललीस तसंच बोलायचं.”

“आत्ता कुणी ऐकत नव्हतं.”

व्हर्नाने खिशातला बिल्ला अर्धा बाहेर काढला आणि परत आत सारला. सुनावणीबाहेर सदस्यांनी नकाशाबद्दल लोकांशी बोलायचं नसतं.

आत गेल्यावर पुढचं नाव तिनेच पुकारलं, “लोरीन स्टाउट.” कुणी उठलं नाही, तेव्हा लोरीनला नजरेचा धाक नको म्हणून खुर्च्यांकडे न बघता पुन्हा पुकारलं.