वावेच्या वाटेवर

भगवानसर : उतर, उखा, खाली उतर. चेनमध्ये मांजा गुंडाळलाय तुझ्या. असाच पायडल मारत राहिलास तर परत घरी लिंबायतपर्यंत सायकल खांद्यावर न्यावी लागेल.

उखा : उत्तरायणचा मांजा, सर. पाच दिवस झाले, तरी बाभळीले लोंबकळून राहिला. धरा जरा हँडल. ...निघाला. काचेचा हाय, बोट कापलं पहा.

भगवानसर : कालव्यात धू. रुमाल देऊ?

उखा : राहू द्या. नहेरचं पाणी आहे तसंच थंडगार हाय. आठवतं ना, मी पोहायचो अन् तुम्ही काठावर कपडे सांभाळत ओरडायचे, ‘उखा, गेटजवळ जाऊ नको, ओढून घेईल!’

भगवानसर : आणि तू मुद्दाम गेटकडेच जायचास.

उखा : हप्ताभर लूमखात्यात उभं राहायचं, कानात नुसती खटखट. रात्री झोपेतबी खटखट. नहेरमधी डोकं बुडवलं का तेवढीच बंद व्हायची. तुम्ही मास्तर माणूस, तुम्हाले नाही समजायचं.

भगवानसर : खरं सांगू? तू येशील असं वाटलं नव्हतं. वर्षाजवळ निरोप दिला आणि मग वाटलं, शाळेतल्या पोरीच्या हातून बापाला असा निरोप द्यायला नको होता. स्वतः यायला हवं होतं.

उखा : ती नाचतच घरी आली. ‘पप्पा, सरांनी तुम्हाले ती पायऱ्यांची विहीर, वाव पाहायले बोलावलं.’ तिच्यासमोर नाही कसं म्हणू? दर रईवारी जायचो आपण. कडोदऱ्याच्या पुढं गेलं का मी शहर विसरायचो. आता किती झाले? दोन वर्षं?

भगवानसर : सव्वादोन. चौऱ्याण्णवच्या गणपतीच्या आधी आलो होतो शेवटचं.

उखा : तुम्हाले महिन्यासकट ध्यानात हाय.

भगवानसर : हो. ...थांब, हे बघ, पाळिये, आपल्याकडचे वीरगळ. तीन होते ना इथे? एक पडलाय.

उखा : ट्रॅक्टर लागला असंल उसाचा.

भगवानसर : धर त्या बाजूनं, टेकवून ठेवू झाडाला. हं. बघ, घोडा अजून शाबूत आहे. हातातली तलवार झिजली. वर सूर्य आणि चंद्र.

उखा : गाई सोडवताना मेला तो. तुम्हीच सांगितलं होतं. गावावर चोर आले, बाकीचे घरात लपले, हा एकटा बाहेर निघाला.

भगवानसर : तसं सांगतात. खरं-खोटं कोण जाणे.

उखा : तुम्ही सांगायचे तेव्हा तर खरंच वाटायचं.

भगवानसर : चल. वाव आली. सायकली इथेच लावू. पायऱ्यांवर शेवाळ आहे, भिंतीला धरून ये.

उखा : कोणी मोटर टाकली वाटतं आत. पाइप गेलाय उसात. अन् ती दगडात कोरलेली ताक घुसळणारी बाई कुठं गेली?

भगवानसर : दुसऱ्या टप्प्यावर, डाव्या हाताला. ही काय. नाक गेलंय, बाकी ठीक आहे. बस इथे, सावली आहे. घरून पोहे आणलेत. घे.

उखा : आपण इथंच बसायचो. तुम्ही म्हणायचे, ‘उखा, उघड रे तुझा डबा, माझा राहू दे.’

भगवानसर : इंदुबाईंच्या हातची कळण्याची भाकरी आणि तो ठेचा. दोन घास खाल्ले की डोळ्यांतून पाणी यायचं माझ्या. जालन्याचा माणूस मी, तरी हरलो त्या ठेच्यापुढे.

उखा : ती मुद्दाम दोन मिरच्या जास्त टाकायची. म्हणायची, सर शिकलेले आहेत, पाहू किती तिखट खातात.

भगवानसर : असं म्हणायच्या?

उखा : पाच वर्षं डबा बांधला तिनं, सर. रईवारी पहाटे उठून. अन् तिनं ही नहेर एकदाबी पाहिली नाही.

भगवानसर : मी एकदा म्हटलं होतं तुला, की आण त्यांनाही.

उखा : म्हणाले होते. मीच म्हणलो, बाईमाणूस एवढ्या लांब क्यारेजवर कुठं बसंल, लोक काय म्हणतील. अन् खरं म्हणजे मले वाटायचं, हप्त्यातला एक दिवस माझा एकट्याचा. घरी गेलो का ती विचारायची, ‘आज काय दखं?’ मी पाय धुता धुता सांगायचो. ह्या बाईचं सांगितलं होतं तिले. तर म्हणे, ‘तिना हातमां बांगड्या कितल्या?’ मी म्हणलो, बुवा, ते नाही पाहिलं. म्हणे, पुढच्या खेपेले पाहून या. पुढच्या खेपेले आलो, पोहलो, जेवलो, निघून गेलो. ध्यानातच नाही राहिलं.

भगवानसर : हाताला आहेत बघ, कोपरापर्यंत. मोजता येतील अजून.

उखा : मोजून कोणाले सांगू?

भगवानसर : उखा...

उखा : खा सर, पोहे गार होतील.

भगवानसर : पोहे राहू दे. मला तुझ्याशी बोलायचं होतं. त्यासाठीच बोलावलं. वाव फक्त निमित्त. गणपती उठले, चार-पाच दिवसांत प्लेग प्लेग म्हणून ओरड झाली. सगळी वस्ती ट्रकांत बसून चालली होती. मी परत आल्यावर तुला सांगितलं, की मी आदल्या दिवशीच गावी निघालो होतो.

उखा : हाव. सांगितलं होतं.

भगवानसर : ते खोटं होतं.

उखा : सर, राहू द्या.

भगवानसर : नाही, बोलू दे. तू सकाळी आलास तेव्हा मी घरातच होतो. पिशव्या भरून झाल्या होत्या, ट्रक दहाला येणार होता. तू कडी वाजवलीस. ‘सर, इंदूले ताप भरलाय, काय करू?’ असं म्हणालास. तीनदा हाक मारलीस. माझा धाकटा ‘उखाकाका’ म्हणून उठत होता, मी त्याच्या तोंडावर हात दाबून धरला. बायको माझ्याकडे बघत होती. मी दार उघडलं नाही.

(खाली वावेत मोटर सुरू झाल्याचा आवाज.)

भगवानसर : बोल काहीतरी. शिवी दे.

उखा : मले माहीत होतं.

भगवानसर : काय?

उखा : तुम्ही आत होते ते. बाहेरून कुलूप नव्हतं, सर. माणूस गावाले जातो तर कुलूप लावून जातो.

भगवानसर : आणि सव्वादोन वर्षं तू बोलला नाहीस? मी रस्त्यात भेटलो की नमस्कार करायचास. मी पांडेसऱ्याला खोली बदलली ती तुझं तोंड चुकवायला, आणि तू सामान उचलायला आलास!

उखा : काय बोलू? माझ्या घरात ताप होता, तुमच्या घरात दोन लेकरं. मी तुमच्या जागी राहतो तर मीबी नसतं उघडलं. मनाले रोज हेच सांगतो.

भगवानसर : मग?

उखा : मन ऐकत नाही.

भगवानसर : मी नुसतं आतून बोललो असतो तरी झालं असतं. दार न उघडता. ‘दवाखान्यात ने’ एवढंच.

उखा : हाव. तेवढंच पाहिजे होतं. लोक म्हणत होते, दवाखान्यात नेलं का माणूस परत देत नाहीत, एकटं कोंडून ठेवतात. मी घाबरलो. इंदू म्हणे, सरांले विचारा, सर सांगतीन तसं करू. तुमच्या घरून आलो तर तिनं विचारलं, काय म्हणे सर?

भगवानसर : काय सांगितलंस?

उखा : म्हणलो, सर घरी नाहीत, सांजच्याले येतील. तुम्ही तिच्यापासून लपले, हे तिले नव्हतं सांगायचं. मंग ती वाट पाहू लागली. मीबी तिच्यासंगे पाहू लागलो. मले माहीत होतं तुम्ही येणार नाहीत, तरी पाहू लागलो. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी रिक्षात घातली. डॉक्टर म्हणे, प्लेग-बिग काही नाही, मलेरिया डोक्यात गेला. कालपरवा आणलं असतं तर सुई देऊन बरी केली असती.

भगवानसर : मलेरिया. आणि मी...

उखा : तुमच्यावर नका घेऊ सगळं. तुम्ही एक दार नाही उघडलं. मी दोन दिवस तिच्या उशाशी बसून होतो, माझ्यापाशी पाय होते, रिक्षा होती. खोटं मी बोललो. तुमचं नाव पुढं करून बसून राहिलो, कारण भेव मले होतं.

भगवानसर : तू माझ्यावर विश्वास ठेवलास, एवढीच तुझी चूक.

उखा : तिचा विश्वास होता, सर. माझं तर नुसतं भेव.

भगवानसर : वर्षाला माहीत आहे?

उखा : नाही. तिच्यासाठी तुम्ही अजून तेच सर आहेत. तसेच राहा. पोरगी शिकली पाहिजे. घरी येऊन म्हणते, आज सरांनी हे शिकवलं, ते शिकवलं. मी ऐकतो.

भगवानसर : तिच्यासाठी जे करता येईल ते करीन. पण ते बोलून काय होतं आता... पुढच्या रविवारी येशील? त्या तुटक्या पुलापर्यंत जाऊ, तिथे जुनी धर्मशाळा आहे म्हणतात. आपण पाहिलीच नाही ती.

उखा : नाही सर. पुढच्या रईवारी नाही. त्याच्या पुढच्याबी नाही.

भगवानसर : राग आहे तुझ्या मनात. असू दे, तुझा हक्क आहे तो.

उखा : राग असता तर आलोच नसतो. आज तुमच्यासंगे सायकल मारली, पाण्यात हात घातला, घडीभर लई बरं वाटलं. जुन्यासारखं.

भगवानसर : मग का नाही?

उखा : बरं वाटलं म्हणूनच. असं बरं वाटून घरी गेलो का वर्षाच्या तोंडाकडं पाहवत नाही. तोंड अगदी इंदूचं घेतलंय तिनं.

भगवानसर : ...चल तर मग. ऊन कलायला लागलं. बरोबरच निघू.

उखा : तुम्ही व्हा पुढं, सर. मी थोडं थांबून येतो.