आणखी थोडो भात

अरे, नाटकात ताण कसा आणायचा, हे मी कणकवलीच्या पोरांना मोठ्या तोऱ्यात शिकवायचो. म्हणायचो, वाईट बातमी प्रेक्षकांना आधी कळू द्या, पात्राला सगळ्यात शेवटी. मग ते पात्र नुसतं जेवत बसलं, तरी लोकांचा जीव टांगणीला लागतो.

एकदा तालीम चालू असताना भावाचा फोन आला, "घराक ये." आई आजारीच होती. मालवणात रिक्षातून उतरलो, तर शेजारची काकी वाटेतच उभी. हात धरून मला तिच्या घरात नेलं आणि ताट वाढलं.

"काकी, आवशीची तब्येत कशी आसा?"

"आधी जेव रे. मगे जा घराक."

पहिला घास उचलला आणि वर पाहिलं. काका भिंतीकडे बघत होते, काकी पदराने डोळे पुसत होती. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून माणसाला आधी जेवू घालतात, मग सांगतात. सगळ्यांना कळलं होतं. पात्र मीच होतो.

ताट रिकामं झालं की काकी बोलणार होती.

भूक मेली होती. तरी मी ताट पुढे केलं. म्हटलं, "काकी, आणखी थोडो भात वाढ."