मल्लिनाथ अण्णांची वही आणि माझी खोटी चिठ्ठी

अन्याय झाला तो मल्लिनाथ अण्णांवर. त्यांना जाऊन अकरावा दिवस होता, मंगळवार होता, दुपारचे चार वाजले होते आणि घरात काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, एकट्या होत्या. वार आणि वेळ मी मुद्दाम सांगतोय, तेवढं आधी लिहून घ्या, कारण उद्या काही मंडळी म्हणतील असं काही घडलंच नाही. काकूंना वेळ पक्की आठवते, कारण त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, आणि आमच्या सोलापुरात पाणी कधी आलं हे बाईमाणूस विसरत नाही. काकू पिंप भरत होत्या, दार उघडंच होतं, आणि आमच्या रविवार मंडळाचे कार्यवाह आत आले. स्मरणिका काढतोय म्हणाले, अण्णांच्या वह्यांचे झेरॉक्स काढतो आणि चार दिवसांत परत देतो म्हणाले. पत्र्याच्या पेटीतल्या सातही वह्या घेऊन गेले. त्या आजतागायत परत आलेल्या नाहीत.

आता मी कोण ते सांगतो. मी बिरू. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरंवाले. बुद्धिबळ मी शाळेत नाही शिकलो, रानात शिकलो, गावातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी ढेकळं बाजूला सारून जमिनीवर काडीनं चौसष्ट घरं आखून दाखवली, खड्यांचे हत्ती-घोडे आणि प्यादी कशाची, तर मेंढरांच्या लेंड्यांची. हसू नका, वारा आला की प्यादी उडायची आणि डाव पुन्हा मांडायला लागायचा, त्यामुळं माझी मांडणी पाठ झाली ती झालीच. पुढं बारावी झाली, मेंढरं कमी झाली, मी सोलापूरला आलो आणि एका छापखान्यात टायपिंगला लागलो. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या आणि आमच्या वस्तीच्या पाण्याची पत्रकं, ती मीच लिहितो आणि मीच छापतो. लोक माझं पत्रक घेतात आणि वाचतात, कारण त्यांना माहीत आहे की बिरू खोटं छापत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर अण्णा. इथल्या एका दैनिकात दर रविवारी अण्णांचं बुद्धिबळाचं सदर यायचं. वरती एक डाव, खाली जगातल्या स्पर्धांची बातमी आणि सगळ्यात शेवटी चौकटीत एक प्रश्न. पटावर आठ वजीर एकमेकांना न मारता किती तऱ्हांनी बसतात, पहिल्या खेळीत पांढऱ्याला किती चाली करता येतात, असले प्रश्न. काय सांगू तुम्हाला, त्या चौकटीसाठी आम्ही पेपर घ्यायचो, बाकीच्या पेपरात भजी बांधली तरी चालायची. रविवारी दहा वाजता जुन्या गिरणीच्या भिंतीला लागून जो चहाचा गाडा आहे तिथं सगळे जमायचे. आठ वजिरांचं उत्तर ब्याण्णव, ब्याण्णव, म्हणून चादरीवाले व्यंकटेशमामा लांबूनच ओरडत यायचे आणि अण्णा म्हणायचे, मामा, पेपरमधी उत्तर उलटं छापलंय, तुमी पेपर उलटा धरून आलाय व्हय?

आणि मंडळाची एक रीत होती. नवीन माणूस आला की त्यानं एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीत बुद्धिबळाची एक अशी गोष्ट लिहायची जी बाकी कुणाला माहीत नसेल, घडी घालून फक्त अण्णांच्या हातात द्यायची, तोंडानं बोलायची नाही, कारण तीच पुढं कधीतरी प्रश्न म्हणून छापून यायची, आधी फुटली तर मजा गेली. अण्णा घरी जाऊन ती वहीत उतरवायचे, शेजारी देणाऱ्याचं नाव. पण उतरवायचे शिसपेन्सिलीनं. दुसरीकडून खात्री झाली की मग वरून शाई फिरवायची. शाईतलं तेवढंच पेपरात. शिसपेन्सिलीतलं कधीच नाही, कितीही चांगलं असलं तरी नाही. हा माणूस असा होता.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडं काही नव्हतं. तिथं बसलेले लोक पुस्तकं वाचणारे, परदेशातल्या खेळाडूंची नावं तोंडपाठ असणारे, आणि मी आपला लेंड्यांच्या प्याद्यांचा. लाज वाटली. म्हणून मी खोटं लिहिलं. लिहिलं की माझा आजा मेंढरं राखताना रेल्वेची मापं घ्यायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनियरबरोबर खेळला, आजानं देशी रीतीप्रमाणं राजा घोड्यासारखा उडवला, साहेब म्हणाला ही चाल आमच्यात नाही, आजा म्हणाला रान आमचं हाय, आणि प्याद्यानं मात केली, आणि साहेबानं डोक्यावरची टोपी काढून आजाला दिली. सगळं खोटं. टोपी खोटी, साहेब खोटा. अण्णांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं, म्हणाले, बिरू, लई झकास हाय की, दुसरा साक्षीदार आण. पुढं नऊ वर्षं अधूनमधून विचारायचे, काय रे, टोपीचा साक्षीदार मिळाला का? मी म्हणायचो, शोधतोय अण्णा. ते प्रकरण कधीच छापून आलं नाही आणि मी सुटलो म्हणून खूश.

अण्णा गेले. वह्या गेल्या. मी कार्यवाहांना तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, झेरॉक्स चाललंय. दुसऱ्यांदा म्हणाले, जपून ठेवल्यात. तिसऱ्यांदा म्हणाले, अरेरे, वाळवी लागली होती हो सगळ्याला, भुगाच झाला. पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेल्या वह्यांना वाळवी? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मंडळातले सगळे म्हणाले, बिरू, तुला प्रत्येक गोष्टीत मोर्चाच दिसतो.

मग कार्यवाहांचं पुस्तक आलं. बुद्धिबळाची प्रश्नोत्तरं, जाडजूड, नाव फक्त त्यांचं. मागं फोटो, हनुवटीला हात लावून पटापुढं बसलेत, आणि पट उलटा मांडलेला. उजव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर! आमच्या रानातला लेंड्यांचा पटसुद्धा असा चुकला नाही कधी. अण्णांचं नाव आहे, नाही असं नाही, आभारात आहे, मंडप डेकोरेटर्सच्या खाली.

प्रकाशनाला मी गेलो ते भांडायलाच. पुस्तक उघडलं, एक्केचाळिसावं पान, आणि काय सांगू तुम्हाला, समोर काय तर माझंच. गोरा इंजिनियर, मेंढपाळ, टोपी. माझी चिठ्ठी, शब्द न् शब्द. खाली लिहिलंय, लेखकानं स्वतः सांगोला भागात फिरून कुटुंबीयांकडून खातरजमा केली. मी उठणार तेवढ्यात माईकवरून कार्यवाह म्हणाले, त्या थोर खेळाडूचे नातू बिरुदेवजी आज आपल्यात बसलेत, त्यांचा सत्कार करतो. टाळ्या. शाल. नारळ. आणि मी, ज्यानं दहा वेळा लोकांना सांगितलं की सत्काराला भुलू नका, त्या मी शाल घेतली. फोटोला उभा राहिलो. तोंडातून शब्द फुटला नाही, कारण बोलायचं म्हणजे आधी मी खोटारडा हे सांगायचं. त्यांनी वहीत चिठ्ठीशेजारी माझं नाव वाचलं असणार आणि म्हणूनच ती शाल माझ्या अंगावर घातली, माझं तोंड बंद करायला. आणि त्यांना कळलंच नाही, ती गोष्ट शिसपेन्सिलीतली होती. मी छापखान्यातला माणूस आहे, मला विचारा. झेरॉक्समध्ये शिसपेन्सिल आणि शाई सारखीच काळी येते. अण्णांनी आयुष्यभर जे वेगळं ठेवलं ते ह्यांनी एका बटणात एक करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडनं अप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा फोन. मोबाईलवर फोटो पोचला होता. अप्पा म्हणाले, बिऱ्या, तुज्या आज्याला बुद्धिबळ कवा येत हुतं रं? त्याला सोंगट्या न्हाईत की पत्ते न्हाईत. मग अप्पा म्हणाले, असंच इचारायला ते तुजं पेपरवालं अण्णा बी आलं हुतं की, लई वर्सं झाली, यष्टीनं आलं, भाकरी खाल्ली, आन् मी खरं काय ते सांगितलं तर पोट धरून हसलं. जाताना म्हणलं, पोराला सांगू नका मी आलो हुतो.

म्हणजे अण्णांना माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं, आणि तरी दर दोन-चार महिन्यांनी गाड्यावर विचारायचे, टोपीचा साक्षीदार मिळाला का. चार लोकांत मला उघडं पाडलं नाही आणि पेपरात खोटं घातलंही नाही. दोन्ही सांभाळलं. त्या वहीत माझ्या चिठ्ठीशेजारी त्यांनी काय लिहून ठेवलं असेल हे मला बघायचंय, आणि ती वही ह्या माणसानं दाबून ठेवलीय.

मी शाल घेऊन काकूंकडं गेलो, सगळं सांगितलं. काकू त्यांच्या कानडीत म्हणाल्या, होगली बिडप्पा, म्हणजे जाऊ दे रे, माणूसच गेलं, वह्यांचं काय. मग पिंपावरचं झाकण नीट करत म्हणाल्या, पण त्यांचं अक्षर होतं रे त्यात. एवढंच. मी तिथनं उठलो तो सरळ कार्यवाहांकडं.

कार्यवाहांना विचारलं तर ते काय म्हणाले, ऐका. म्हणाले, बिरुदेवजी, ही गोष्ट तुम्हीच मला गाड्यावर सांगितली होती, विसरलात. आता तुम्हीच सांगा, एकट्या माझ्या शब्दाला कोण विचारतो, आणि तोही स्वतःच खोटं लिहिलं म्हणून कबूल केलेल्या माणसाचा? व्यंकटेशमामांना म्हणालो, मामा, तुम्हीपण चिठ्ठी दिली होती, पुस्तकात बघा. मामांनी पान उघडलं, वाचलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. म्हणाले, माजी पन हाय रे ह्यात. खरी होती का मामा? तर म्हणतात, हळू बोल की, जावई आलाय.

तेव्हा मला कळलं. खरी गोष्ट काय, कुठूनही मिळते, कार्यवाह म्हणतील आम्ही अमक्या पुस्तकात वाचली. पण मी रचलेली टोपी जगात दोनच ठिकाणी होती, माझ्या डोक्यात आणि अण्णांच्या वहीत. मामांच्या थापेचंही तसंच, आणि एकाला विसरलात म्हणता येतं, सगळ्यांना नाही. आमचं खोटंच आता अण्णांचा पुरावा आहे.

म्हणून मी माझं छापलंय. ह्या कागदावर, माझ्या नावानिशी, की एक्केचाळिसाव्या पानावरची गोष्ट मी रचली, माझा आजा कधी बुद्धिबळ खेळला नाही. पाण्याच्या पत्रकावर उद्या कुणी म्हणेल, हा तोच थापाड्या. म्हणू दे. शाल मंडळाच्या टेबलावर नेऊन ठेवलीय, नारळ तेवढा फोडून खाल्ला, ते कबूल करतो.

आता तुमचं. तुम्ही, जे हे वाचताय, कधीकाळी त्या गाड्यावर अण्णांच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी दिली असेल, तर ते पुस्तक उघडा आणि आपली थाप शोधा. सापडली की पानाचा नंबर लिहा, खाली सही करा, आणि येत्या रविवारी दहा वाजता गाड्यावर या. अण्णांना तुम्ही खरं काय दिलंत ते मला नको. खोटं काय दिलंत ते घेऊन या.